चार विकून एक

२०२४ च्या जानेवारीपर्यंत आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार मोटारसायकली उभ्या होत्या. फेब्रुवारीअखेर तिथे एकच उरली, आणि तीही कोरी करकरीत. गल्लीतल्या एका नव्या भाडेकरूने "काका, धंदा बंद केलात का?" असं विचारलं. म्हणजे इतके दिवस मी जुन्या गाड्यांचा बाजार करतो अशीच त्याची समजूत होती. या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. हिशेब मांडायला हरकत नाही.

हिशेबाची वही आहेच. सहकारी बँकेत शेतीकर्ज विभागात ३५ वर्षं काढली, ही खोड तिथली. कोणत्या गाडीत कधी किती पेट्रोल घातलं, काटा कुठे होता, मिस्त्रीला किती दिले, सगळं तारीखवार. लोक जुने फोटो काढून बसतात, तसा मी ही वही काढून बसतो.

पहिली नोंद १९८८ ची, येझदी रोडकिंगची. गाडी सेकंडहँड, पण इंजिन न उघडलेलं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ही २५० सीसीची दोन सायलेन्सरवाली गाडी ज्यांनी चालवली त्यांना सांगायला नको, पण तिची किक आणि गिअरची दांडी एकच. दांडी आत दाबायची, वर फिरवायची की झाली किक. गाडी सुरू झाली की तीच पुन्हा पुढे पाडून गिअर. नवखा माणूस चावी लावून बसायचा आणि किक शोधत राहायचा. पेट्रोलमध्ये लिटरमागे तीस-चाळीस मिली ऑइल हातानेच मिसळायचं. माझ्याकडे पाटण भागातली गावं होती. येझदीचा तो टणटणाट घाटात दोन वळणं आधी ऐकू जायचा, त्यामुळे मी दारात पोचेपर्यंत कर्जदार शेताला गेलेला असायचा आणि ओट्यावर फक्त म्हातारी भेटायची. साहेबांनी एकदा विचारलं, तुमची वसुली का कमी? मी कारण लिहून दिलं नाही.

१९९३ ला आरएक्स १०० घेतली, नवी. तेव्हा लग्न व्हायचं होतं, दुसरं काय कारण देणार? ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर आणि गाडी जेमतेम शंभर किलोची. यवतेश्वरचा घाट ती तिसऱ्यात चढायची. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, आरएक्स १०० बंद झाली, त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला, आणि माझ्या दारातल्या दोन्ही गाड्या एकदम 'जुन्या' झाल्या. खरं तर तेव्हाच एक विकायला हवी होती. पण कंपनी बंद झाली म्हटल्यावर माणसाला गाडीबद्दल एकदम माया येते.

१९९९ ला बढती मिळाली आणि बुलेट आली, ३५० ची, कास्ट आयर्न इंजिनवाली. ती सुरू करणं हे काम होतं. किक हळूहळू दाबत न्यायची, ॲम्पिअरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डाव्या हाताने डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून किक बोटभर पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग सगळं वजन टाकून एकच लाथ. यातली एक पायरी चुकली की तीच लाथ उलटी आपल्या नडगीवर. बायकोने ही कसरत शिकून घेतली होती, केवळ मी घाईत असलो की कुठली पायरी चुकते ते सांगता यावं म्हणून.

स्प्लेंडर २००६ ची. पेट्रोल सोडलं तर तिची वहीतली पानं जवळजवळ कोरी आहेत. ऑइल बदललं, चेन घट्ट केली, साडीगार्ड बसवला. बस.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं वहीत वाचली की मला माझाच राग येतो. गाड्या चार, पण चालवायची एकच. उरलेल्या तिघींची चाकरी करायची. रविवार सकाळ म्हणजे तिन्ही सुरू करून दहा मिनिटं धूर काढणे. येझदीच्या पॉइंटसाठी, बुलेटच्या क्लच प्लेटसाठी, आरएक्सच्या कार्ब्युरेटरच्या बारीकसारीक जेटसाठी पुण्याला नाना पेठेत चक्कर, तीही एसटीने, कारण तेवढ्या लांब न्यायचा तिघींपैकी एकीचाही भरवसा उरला नव्हता. एका पावसाळ्यात उंदरांनी बुलेटची सीट पोखरली. शिवाय पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ३०० चं १,००० झालं. २०२२ या एका वर्षात चारही गाड्या मिळून किती फिरल्या याची बेरीज वहीत आहे: १,८६० किलोमीटर. त्यात स्प्लेंडरचे १,५००. येझदीचे ४०, म्हणजे मिस्त्रीकडे जाऊन-येऊन. आणि बुलेट घेतली त्याच महिन्यात मी बायकोला म्हटलं होतं, "एकदा किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण करू."

विकायचं ठरवलं त्याला मात्र हिशेब कारण नव्हता. कारण पाय होते.

बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. बाकी तिघींना उलट. त्यातही बुलेटचा पहिला वर, उरलेले तीन खाली. येझदी नि आरएक्सचा पहिला खाली, उरलेले वर. स्प्लेंडरचे चारही खाली. तीस-चाळिशीत हे सगळं पायांना आपोआप कळायचं, सीटवर बसलं की पाय त्या गाडीचे व्हायचे. २०२३ च्या डिसेंबरात चार दिवस सलग बुलेट चालवली होती आणि पाचव्या दिवशी आरएक्स काढली. कोरेगाव रस्त्याला पुढे उसाची ट्रॉली, तिला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ती थांबली. मी डाव्या पायाने ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं ब्रेक. तिसऱ्याचा दुसरा पडला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक फरपटलं आणि मी ट्रॉलीच्या डाव्या अंगाने थेट चरात. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. ट्रॉली सुटली आणि निघून गेली, ड्रायव्हरला पत्ताच नाही. मी तिथेच बांधावर बसून दोन्ही पायांकडे बघत राहिलो. वय ५८.

महिनाभर आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गोव्यात नवी हिमालयन बाजारात आली होती. ४५२ सीसी, चाळीस हॉर्सपॉवर, सहा गिअर, १७ लिटरची टाकी आणि रॉयल एनफिल्डचं पहिलंच पाण्याने थंड होणारं इंजिन. पुण्यात मुलीकडे गेलो असताना ती बघून आलो. वजन १९६ किलो, हे वाचून जरा कचरलो होतो. पण बसलो तेव्हा बुलेटपेक्षा हलकी वाटली. वजन कुठे ठेवलंय यावर असतं सगळं.

शोरूमवाल्याने एक्स्चेंजमध्ये घेतली ती फक्त स्प्लेंडर. बाकीच्या तिघींचं त्याने वर्ष विचारलं आणि जो भाव सांगितला तो भंगारवाल्यालाही सुचला नसता. त्याची चूक नाही, त्याच्या कॉम्प्युटरला माया कळत नाही. त्या तिघी मी बाहेर विकल्या. आरएक्स न्यायला आला तो मुलगा बावीस वर्षांचा, म्हणजे आरएक्स बंद पडल्यावर जन्मलेला. घासाघीस न करता त्याने पैसे मोजले, मी नवी घेतली होती त्याच्या जवळजवळ तिप्पट. बुलेट ओळखीत गेली. येझदी कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी टेंपोत घालून नेली. ते दर वर्षी जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांच्या मेळ्याला जाणाऱ्यांतले. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करताना बँकेतली सवय कामी आली, हात थरथरला नाही. बायको मात्र टेंपो वळेपर्यंत फाटकात उभी होती. दसऱ्याला चार माळा तीच ओवायची.

चौघींचे मिळून दोन लाखांच्या थोडे वर आले. उरलेले निवृत्तीच्या रकमेतून घातले.

पहिला लांबचा प्रवास अर्थातच कोकण. कुंभार्ली उतरून चिपळूण, गुहागर, मग धोपाव्याला फेरीबोट. बोट दाभोळला लागली, सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या. मी गिअर टाकला आणि गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. मागे जीपवाल्याचा हॉर्न. पस्तीस वर्षांची अक्कल डोक्यात एकदम जागी झाली: पेट्रोल येतंय का, स्पार्क आहे का, प्लग काढून बघू का. प्लग कुठे आहे हेच दिसेना. बोटीवर दोर ओढणारा पोरगा आला आणि म्हणाला, "काका, स्टँड वर करा." साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की या गाडीचं इंजिन आपणच बंद होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. वाचतो कोण?

तो प्रसंग सोडला तर दोन वर्षांत गाडीने मला काही करू दिलेलं नाही. हरिहरेश्वर, मुरूड, तिथून पुढच्या हिवाळ्यात हंपी, मग गोवा. हंपीला साताऱ्याहून पहाटे निघून दिवस मावळायच्या आत पोचलो, आणि बायको मागे झोपली नाही, हे विशेष. एवढी गाडी घेऊनही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर पाय ठेवायचा नाही, कारण दुचाकीला तिथे बंदी. त्याचं मला फार दुःख नाही. आनेवाडीच्या नाक्यावर मोटारींची रांग लागलेली असते आणि आपण डावीकडच्या चिंचोळ्या वाटेने फुकट निघून जातो, तो आनंद अजून शिल्लक आहे. मागच्या वर्षी एचएसआरपी नंबरप्लेटसाठी अख्खं शहर तारखा घेत होतं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्ती. आमच्याकडे चार असत्या तर चार तारखा.

येझदीचा आवाज मला आठवेल, आरएक्ससाठी जीव हळहळेल, बुलेट दिसली की मान वळेल, असं मी धरून चाललो होतो. तसं थोडं होतंही. पण रोज जिची उणीव भासते ती स्प्लेंडर. कोथिंबिरीची जुडी आणायला १९६ किलोची गाडी शेडमधून मागे-पुढे करून काढायची, राजवाड्याच्या गर्दीत ती उभी करायला जागा शोधायची आणि घरी आल्यावर ऐकायचं की लिंबू राहिलं. आता मी चालत जातो. वहीत जिची पानं कोरी होती ती एकटी ठेवून बाकी तिघी विकल्या असत्या तर गणित बरोबर आलं असतं, थोडं कर्ज काढावं लागलं असतं इतकंच. बायकोने तेव्हाच हे सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, तिच्यात काय आहे?

तिघी विकल्या त्याचा मात्र पश्चात्ताप नाही. असलाच तर दहा वर्षं उशिरा विकल्याचा. परवा सर्व्हिसिंगला दिली तेव्हा नवीचा काटा १९,३०० वर होता. विकण्याआधीच्या आठ वर्षांत चौघींची मिळून बेरीज त्याहून कमी भरते, दोनदा करून पाहिली.

शेडच्या कपाटातला एक खण अजून रिकामा झालेला नाही. त्यात येझदीचे पॉइंटचे दोन नवे सेट, आरएक्सचा मॅग्नेट पुलर, बुलेटच्या क्लच केबल तीन आणि टू-टी ऑइलचा एक न उघडलेला डबा आहे. साताऱ्याच्या बाजूला येणाऱ्या कुणाला लागत असतील तर येऊन घेऊन जावेत. पैसे नकोत. मात्र ज्या गाडीला लावायचे ती चालवत यावं, टेंपोत घालून नव्हे.