मॅक्झिम गनची तीस वर्षं

रायफल झाडली की दस्ता खांद्यावर आपटतो. पिढ्यान्‌पिढ्या सैनिकांनी हा धक्का सोसला, त्याची सवय करून घेतली. हायरम मॅक्झिमने त्या धक्क्यालाच कामाला जुंपलं. लंडनमधल्या हॅटन गार्डनच्या आपल्या लहानशा कारखान्यात 1883-84च्या सुमारास त्याने जे यंत्र उभं केलं, ते एका गोळीच्या जोरावर पुढची गोळी झाडायचं. माणसाने चाप दाबून धरायचा, एवढंच. मिनिटाला सुमारे 600 गोळ्या सुटायच्या.

त्याआधी जलद मारा करणाऱ्या बंदुका नव्हत्या असं नाही. जेम्स पकल नावाच्या लंडनच्या वकिलाने 1718मध्येच फिरत्या चकतीच्या बंदुकीचं पेटंट घेतलं होतं, पण गारगोटीच्या ठिणगीवर पेटणाऱ्या दारूच्या त्या काळात ती कल्पना पुढे सरकली नाही. धातूचं काडतूस आल्याशिवाय हे कोडं सुटणार नव्हतं. दारू, गोळी आणि ठिणगी अशी तिन्ही एका पुंगळीत बंद झाली, तेव्हा कुठे यंत्राला धरता-सोडता येईल अशी वस्तू मिळाली.

रिचर्ड गॅटलिंग हा अमेरिकन माणूस मूळचा शेतीच्या अवजारांचा. बियाणं पेरायच्या यंत्रावर त्याने पैसा आणि नाव दोन्ही कमावलं होतं. वैद्यकीचं शिक्षणही घेतलं, दवाखाना मात्र कधी थाटला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इंडियानापोलिसला परतणारे जखमी, आजारी आणि मेलेले सैनिक त्याने पाहिले. त्या युद्धात लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त माणसं गेली. एका माणसाच्या हातून शंभर जणांचं काम होईल अशी बंदूक असली, तर एवढ्या मोठ्या फौजा लागणार नाहीत आणि छावण्यांत माणसं मरणार नाहीत, असा हिशेब त्याने मांडला आणि पुढे एका पत्रात तो लिहूनही ठेवला. 1862मध्ये त्याला पेटंट मिळालं. हा हिशेब त्याने मनापासून केला असावा, असं मला वाटतं. पण फौजा काही लहान झाल्या नाहीत. पुढच्या पन्नास वर्षांत युरोपातल्या राष्ट्रांच्या फौजा लाखांचे आकडे ओलांडून गेल्या आणि त्या लाखांच्या हाती या बंदुकाही आल्या.

गॅटलिंगची रचना मात्र सुरेख होती. मधल्या दांड्याभोवती सहा नळ्या. बाजूचं हँडल फिरवलं की नळ्या फिरायच्या, वरच्या खोक्यातून काडतूस आपल्या वजनाने खाली पडायचं, आणि एका फेऱ्यात प्रत्येक नळी एकदाच गोळी झाडायची. त्यामुळे तिला थंड व्हायला थोडी उसंत मिळे. अडचण होती ती हँडल फिरवणाऱ्या हाताची. घाबरलेला सैनिक ते जोरात फिरवायचा आणि काडतूस अडकायचं.

फ्रान्सने याच काळात 25 नळ्यांची मित्रायोझ बनवली आणि ती इतकी गुप्त ठेवली की 1870चं प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा ती कशी वापरायची हे आपल्याच सैन्यातल्या थोड्यांना ठाऊक होतं. तिला तोफ समजून तोफखान्याच्या रांगेत लांब उभं केलं गेलं. प्रशियाच्या क्रुप तोफांचा पल्ला तिच्यापेक्षा मोठा होता. त्यांनी तिला दुरूनच टिपलं. पुढे सुदानमध्ये अबू क्लेआच्या लढाईत, जानेवारी 1885मध्ये, ब्रिटिश आरमाराची हँडल फिरवून चालवायची गार्डनर बंदूक सत्तरेक गोळ्यांतच अडली आणि ती चालवणारे खलाशी तिच्याभोवतीच मारले गेले. युरोपातल्या सेनापतींनी या बंदुकांवर पुढेही भरवसा ठेवला नाही, त्याचं मूळ अशा अनुभवांत आहे.

मॅक्झिमने हाताची गरजच काढून टाकली. गोळी सुटताच नळी आणि तिच्यामागचा खटका एकत्र जेमतेम इंचभर मागे सरकत. कोपरासारखा सांधा वाकून खटका मोकळा होई, रिकामी पुंगळी ओढून काढी आणि कॅनव्हासच्या पट्ट्यातून नवं काडतूस उचली. ताणलेली स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलून देई. पट्ट्यात 250 काडतुसं असत. नळीभोवती पितळी डब्यात सुमारे चार लिटर पाणी. सलग मारा सुरू ठेवला तर काही मिनिटांत ते उकळू लागे आणि वाफेच्या ढगावरून शत्रूला बंदुकीचा ठावठिकाणा कळे. म्हणून पुढे वाफ रबरी नळीने एका डब्यात उतरवून तिचं पुन्हा पाणी करण्याची सोय झाली. 1884मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न होणारी दारू बनवली आणि मॅक्झिमचं यंत्र पूर्ण झालं. काळ्या दारूचा काजळीसारखा थर आता खटक्यात साचत नव्हता आणि समोरचं दिसणंही बंद होत नव्हतं.

ही बंदूक पहिली वीस वर्षं बहुतेक अशा माणसांवर चालली, ज्यांच्याकडे उलट उत्तर द्यायला तशीच बंदूक नव्हती. ऑक्टोबर 1893मध्ये आजच्या झिम्बाब्वेतल्या शांगानी नदीकाठी ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या सुमारे सातशे माणसांनी पाच मॅक्झिमच्या बळावर एनदेबेले योद्ध्यांचे हल्ले परतवले. 2 सप्टेंबर 1898ला सुदानमधल्या ओमदुर्मानमध्ये तिथला शासक खलिफा याचे दहा हजारांहून अधिक सैनिक पडले, ब्रिटिश सेनापती किचनरचे पन्नाससुद्धा नाहीत. त्या दिवशी तोफा आणि रायफलींनीही मोठं काम केलं होतं. सगळं श्रेय किंवा पाप एकट्या मॅक्झिमच्या पदरी टाकणं बरोबर नाही.

तिबेटमधल्या गुरू या गावची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. 31 मार्च 1904. यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याची मोहीम हिंदुस्थानातून चढून आलेली, तिच्यात शीख आणि गुरखा पलटणी. चौदा हजार फुटांहून उंच अशा त्या माळावर तिबेटी सैनिक एका दगडी गडग्याआड उभे होते, तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेऊन. वाटाघाट फिसकटली आणि शीख सैनिक त्यांच्या हातातली शस्त्रं काढून घेऊ लागले. झटापट झाली, एक गोळी सुटली आणि मग दोन मॅक्झिम सुरू झाल्या. तिबेटी पळाले नाहीत. पाठ फिरवून, मान खाली घालून ते चालत निघाले आणि चालता चालताच पडत गेले. सहाशेहून अधिक मेले. चढाई करून आलेल्यांपैकी कोणी मेला नाही, थोडे जखमी झाले.

या लढायांचे अहवाल लंडन, पॅरिस, बर्लिनला जात होते. ते वाचणाऱ्यांनी विजयाचं कारण शिस्तीत, धैर्यात, आपल्या वंशात शोधलं. तीच बंदूक उद्या आपल्यासमोर असेल तर आपलं धैर्य किती वेळ टिकेल, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. 1904-05मध्ये पोर्ट आर्थरच्या टेकड्यांवर जपानी आणि रशियन सैन्यांनी एकमेकांना मशीनगनसमोर उभं केलं, आणि युरोपीय निरीक्षकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. तरीही पायदळाने संगिनी रोखून धावत जावं, हाच धडा बहुतेक ठिकाणी शिकवला जात राहिला. 1914मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश बटालियनमागे दोन मशीनगन होत्या. जर्मनांचं प्रमाण फार वेगळं नव्हतं, पण त्यांनी त्या सहा-सहाच्या तुकड्यांत एकत्र ठेवल्या आणि त्यांचा मारा एकमेकांना छेदेल असा बसवला.

1 जुलै 1916ला फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर एका दिवसात 57,470 ब्रिटिश सैनिक हताहत झाले, त्यांतले 19,240 मेले. समोरची जर्मन बंदूक होती एम.जी. 08, म्हणजे मॅक्झिमचीच रचना. ब्रिटिशांची व्हिकर्स तिचीच सुधारलेली बहीण. अमेरिकन शेतकऱ्यांच्या गुरांसाठी निघालेली काटेरी तार माणसाला अडवून धरी आणि बंदूक त्याला गाठी. त्या युद्धात सर्वाधिक बळी तोफांनी घेतले हे खरं, पण सैन्यांना जमिनीखाली, खंदकांत घातलं ते मशीनगनने. सोमची लढाई नोव्हेंबरात थांबली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत मॅक्झिम वारला.

या बंदुकीची झळ महाराष्ट्रातल्या घरांनाही बसली. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915मध्ये टेसिफोनच्या सपाट वाळवंटात या डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक लोक तुर्की खंदकांपुढे ठार किंवा जखमी झाले. उरलेले कुत या गावी वेढ्यात सापडले. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेने आडोसा नसलेल्या चिखलातून, खंदकांतल्या मशीनगनांसमोर, पुन्हा पुन्हा धावे केले आणि सुमारे 23,000 माणसं गमावली. एप्रिल 1916च्या अखेरीस कुत पडलंच. वसाहतींच्या लढायांत जे समोरच्याच्या वाट्याला आलं होतं, ते इथे वसाहतीतल्याच शिपायांच्या वाट्याला आलं. मराठीत महायुद्धाचं लेखन वाचताना कुतचा वेढा आणि तिथली उपासमार भेटते. त्या चिखलातल्या धाव्यांबद्दल फार कमी वाचायला मिळतं, याची मला खंत वाटते.

मशीनगनवर उतारा म्हणून सप्टेंबर 1916मध्ये रणगाडा आला. अर्नेस्ट स्विंटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो मांडला होता तोच मुळी मशीनगन चिरडणारं वाहन म्हणून. पण मॅक्झिमची बंदूक त्याने संपली नाही. ब्रिटिश सैन्याने व्हिकर्स 1968पर्यंत वापरली. रशियाची 1910ची चाकांवरची मॅक्झिम 2022नंतर युक्रेनच्या खंदकांत पुन्हा दिसू लागली. ती जड आहे, पण एका जागी बसवायची असेल तर वजनाची अडचण होत नाही. डब्यात पाणी भरत राहिलं की नळी तापून निकामी होत नाही आणि मारा बराच वेळ चालू ठेवता येतो, म्हणून तिथल्या सैनिकांनी ती जुन्या कोठारांतून बाहेर काढली.