दूध पुरत नाही, या तक्रारीमागे

‘बाळाला दूध पुरत नाही’ ही तक्रार बाळंतिणीच्या खोलीत इतक्या सहजतेने उच्चारली जाते, आणि वडीलधाऱ्यांना ती इतकी लवकर पटते, की तिची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः मूल जितके चोखते तितके दूध तयार होते. चोखण्याच्या उद्दीपनाने पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन दुग्धनिर्मितीस चालना देते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो, आणि हा दुसरा स्राव वेदनेने वा धास्तीने अडतो. स्तनात दूध साचून राहिल्यास पुढील निर्मिती मंदावते. सबब, केवळ शंकेपोटी पाजलेली वरच्या दुधाची बाटली बाळाची भूक भागवते, त्याचे चोखणे कमी करते, आणि जो तुटवडा नव्हता तो खरोखरच उत्पन्न करते.

पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, घुटी नको, पाणीही नको, असे सांगितले की वैशाखातल्या विदर्भात आजीचा जीव कासावीस होतो, आणि तिची माया खरीच असते. परंतु त्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बालके अवघी ४१.८ टक्के भरली. शस्त्रक्रियेनंतर मूल आईपासून दूर ठेवले जाते, चीक थोडा दिसतो म्हणून घाईने वरचे दूध दिले जाते, आणि मग त्याचा दोष आईच्या माथी मारला जातो, हा मला उघड अन्याय वाटतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापून अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी इतर मातांच्या दुधाची तजवीज केली. रुग्णालयाने मनावर घेतले तर काय साधते, हे तेथे दिसले.

डब्याच्या दुधाच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने मनाई केली. प्रसूतिलाभाचा १९६१ चा कायदा २०१७ साली दुरुस्त होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, शिवाय ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही मिळाली. मात्र ज्या हजेरीपटावर ही तरतूद अंमलात येते, त्यावर ऊस तोडणाऱ्या बाईचे नावच नसते. तिची मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते. फडाच्या कडेला झोळीतले मूल रडू लागले, तर कोयता खाली ठेवण्याची किंमत तिला त्याच दिवशी मोजावी लागते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तर अद्याप फिटायचीच असते.