अर्धी मात्रा

ऑर्गनचं झाकण उघडलं की पहिल्यांदा डांबरगोळ्यांचा वास येतो. त्यामागून जुन्या लाकडाचा, आणि त्याच्याही मागून सर्द कातड्याचा. रोह्यातल्या एका शाळेच्या सभागृहात मी पहिल्यांदा तालमीला गेलो तो डिसेंबरचा महिना होता. मागच्या मैदानात कुणीतरी पोपटी लावली होती आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा धूर खिडकीतून आत येत होता. पण मास्तरांनी झाकण उचललं आणि त्या वासापुढे पोपटीचा धूरसुद्धा मागे सरला. तो वास तेव्हापासून माझ्या नाकात आहे. आजही कपड्यांच्या कपाटात डांबरगोळी हाताला लागली की मला नांदीचा पहिला षड्ज ऐकू येतो.

मी गेलो त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या माघी गणपतीत रोह्याजवळच्या एका गावात ‘संगीत मानापमान’चे निवडक प्रवेश पाहिले होते. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे सतरंजीवर मुलं. पद रंगात आलेलं असताना नायिका भामिनी अंतऱ्यात अडकली. पुढचे शब्दच तिला आठवेनात. तिच्या डोळ्यांत भीती उतरलेली मला पहिल्या रांगेतून दिसली. त्याच क्षणी खाली बसलेल्या ऑर्गनवाल्या मास्तरांनी डाव्या हाताने षड्ज धरून ठेवला आणि उजव्या हाताने तिचीच शेवटची जागा दोनदा फिरवली, जणू ती पदाचीच मूळ बांधणी होती. मग त्यांनी हनुवटी किंचित वर केली. भामिनीने श्वास घेतला, शब्द आले, समेवर ती नेमकी उतरली. माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर हात मारून ‘वा!’ म्हणाले. ती दाद तिला होती. ऑर्गनकडे कुणी पाहिलंही नाही.

प्रयोगानंतर मी त्यांच्याजवळ गेलो. तुम्ही तिला सावरलंत, असं म्हणालो. ते पेटीवर चादर घालत होते. म्हणाले, “सम काय, कुणीही दाखवतो. गाणाऱ्याला श्वास लागतो तो समेच्या अगोदर, अर्धी मात्रा. तेवढा आपण द्यायचा. आमचं सगळं काम त्या अर्ध्या मात्रेचं.”

त्या अर्ध्या मात्रेसाठी मी डिसेंबरपासून दोन महिने दर शनिवारी दिवा-रोहा गाडी पकडली. पेणला गणपतीच्या कारखान्यांतली माणसं चढायची. हातांच्या भेगांत पांढरी भुकटी बसलेली. त्यांनी घडवलेल्या मूर्ती घरोघर पुजल्या जातात, पण पाटावरच्या गणपतीपुढे हात जोडताना तो कुणी घडवला हे विचारण्याची आपल्याला आठवण होत नाही. रोहा येईपर्यंत मी मास्तरांचा विचार करत असायचो.

सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, मी मात्र काका म्हणू लागलो. ते कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पेटी वाजवतात म्हणून मास्तर. इटलीत ऑपेराचा वाद्यवृंद चालवणाऱ्याला ‘माएस्त्रो’ म्हणतात. तो शब्द आणि आपला मास्तर एकाच लॅटिन मुळातून निघाले आहेत. मला हे नातं केवळ शब्दापुरतं वाटत नाही. तिकडेही सुरुवातीला हातात काठी घेऊन उभा राहणारा संचालक नव्हता. रचनाकार स्वतः हार्पसिकॉर्ड नावाच्या पेटीशी बसायचा आणि तिथूनच गायक-वादकांना सांभाळायचा. 1816 साली रोममध्ये रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा तोही असाच पेटीशी बसला होता. पेटी सोडून माणूस उभा राहिला, हातात काठी आली, हे नंतरचं. ती काठी खाली येते तेव्हा मात्रा पडते. पण गायक बघत असतो ती वर जाताना. श्वास तिथे असतो. म्हणजे मिलानलाही काम अर्ध्या मात्रेचंच.

मिलानचं नाव घेतलं ते फ्रांको फाच्चोमुळे. त्याच्याविषयी मी त्याच सुमारास वाचलं होतं. 1840 साली व्हेरोनात जन्मलेला हा मुलगा रचनाकार व्हायला निघाला होता. मित्र आरिगो बोइतो याने शेक्सपियरच्या हॅम्लेटवरून संहिता लिहिली आणि फाच्चोने ‘अम्लेतो’ हा ऑपेरा रचला. 1865 मध्ये जिनोव्हात तो पहिल्यांदा झाला. सहा वर्षांनी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा मुख्य गायक आजारी होता आणि प्रयोग कोसळला. फाच्चोने आपली रचना मागे घेतली आणि हयातभर तो ऑपेरा पुन्हा होऊ दिला नाही. त्याच ला स्कालात मग तो संचालक म्हणून उभा राहिला. 1872 मध्ये व्हर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा युरोपातला पहिला प्रयोग त्याने चालवला. 1887 मध्ये व्हर्दीच्याच ‘ऑथेल्लो’चा जगातला पहिला प्रयोगही त्यानेच चालवला, पुढे संचालक म्हणून जगभर गाजलेला तोस्कानिनी त्या रात्री वादकांत चेलो वाजवत होता. दुसऱ्याच्या रचनेला श्वास देण्यात फाच्चोचं आयुष्य गेलं. 1891 मध्ये तो वारला. ‘अम्लेतो’ पुन्हा रंगमंचावर आला 2014 साली, अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात. मिलानच्या त्या फसलेल्या प्रयोगानंतर 143 वर्षांनी.

हे मी काकांना सांगितलं. ते तेव्हा पेटीच्या मागची फळी काढून आत बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, “त्याने ती वही जाळली नाही ना?” नाही, म्हटलं. “मग ठीक आहे.”

पेटीच्या आत पाहायला मिळालं हे माझं भाग्य. हार्मोनियममध्ये भाता हवा आत ढकलतो. या ऑर्गनमध्ये हवा सुरांतून ओढून घेतली जाते, म्हणून आवाज मऊ आणि गोल येतो. पाच सप्तकं, एकसष्ट पट्ट्या. खाली दोन पायटे, ते आळीपाळीने दाबत राहायचे. गुडघ्याशी एक लाकडी पट्टी; ती बाजूला रेटली की आवाज चढतो. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि गुडघा असे गुंतले, की इशाऱ्याला उरते ती हनुवटी. काकांची काठी तीच. कोकणातला पावसाळा या पेटीचा वैरी. पट्ट्या फुगतात, कातडं ताठरतं, पितळी सुरांवर हिरवट कळंक चढतो. म्हणून जून ते सप्टेंबर काका पेटीच्या पोटात एक लहान बल्ब पेटता ठेवतात. घरात वीज जपून वापरणारा हा माणूस त्या बल्बाचं बिल चार महिने न कुरकुरता भरतो.

तालमीचा क्रम ठरलेला: चहा, सूर लावणं, नांदी, मग प्रवेश. नायक धैर्यधर धाटावच्या कारखान्यात काम करतो, पहिली पाळी संपवून यायचा. भामिनी प्राथमिक शिक्षिका. त्याची पट्टी काळी एक, तिची पांढरी पाच. त्याचं पद संपून तिचं सुरू होईपर्यंत मधल्या दोन-तीन वाक्यांच्या संवादात काकांना पेटीवरचं घर बदलावं लागतं आणि ऐकणाऱ्याला तो सांधा कळता कामा नये. ते नाटकाचे संवाद पाठ करतात. संहिता पुढे नसते. “पदं सगळ्यांना पाठ असतात. साथीदाराला गद्य पाठ पाहिजे,” असं ते म्हणाले.

एकदा भामिनीने विचारलं, “मास्तर, मी ही तान जरा लांबवली तर चालेल?”

“लांबव ना, ताई. फक्त परत येताना माझ्याकडे बघ.”

“आणि नाही बघितलं तर?”

“तर मी तुझ्याकडे बघतोच आहे.”

मंडळातल्या एका तरुणाने सुचवलं की साथ ध्वनिमुद्रित करून ट्रॅकवर प्रयोग करावा. ऑर्गन टेम्पोतून न्यायचा खर्च वाचेल, आवाजही एकसारखा येईल. काटकसरीचा विचार चुकीचा नव्हता. हौशी मंडळांचे हिशेब मी पाहिले आहेत, तिथे टेम्पोचं भाडंही जड जातं. काकांनी रागावून उत्तर दिलं नाही. “ट्रॅक थांबत नाही रे, बाळा,” एवढंच म्हणाले. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे आणि ते लपवायचं मला कारण नाही. गाणाऱ्याची वाट पाहणारी साथ गेली, तर संगीत नाटकातला जिवंतपणा गेला. उरतील ती पाठ केलेली पदं.

या साथीच्या जागेवरूनच मराठी रंगभूमीला तिचं मोठं संगीत मिळालं आहे. ‘मानापमान’च्या चाली ज्यांनी दिल्या ते गोविंदराव टेंबे मूळचे पेटीवादक. कोल्हापूरच्या बाजूचे, 1881 चा जन्म. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांच्या साथीला बसता बसता त्यांचा कान घडला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1911 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहिलं, तेव्हा टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरी यांचा पूरबी रंग नाट्यपदांत आणला. बालगंधर्वांच्या गळ्यात त्या चालींचं सोनं झालं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या मंडळ्यांनी मिळून जो संयुक्त प्रयोग केला, तोही ‘मानापमान’चाच. टेंब्यांनी स्वतःची नाटक मंडळीही काढली, आणि 1932 मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करून संगीतही दिलं. पेटीवरून उठून चाली देण्याच्या मानाच्या जागी पोचलेला हा माणूस. फाच्चो उलट्या वाटेने गेला, रचनेकडून संचालनाकडे. दोघांची आयुष्यं शेजारी ठेवली की मला काका त्यांच्या मधे कुठेतरी बसलेले दिसतात.

कारण वही काकांचीही आहे. जानेवारीतल्या एका रात्री त्यांच्या घरी जेवायला थांबलो, तेव्हा काकूंनी ती दाखवली. तिशीत असताना गावातल्या एका नाटकाला त्यांनी चाली दिल्या होत्या. अकरा पदं. निळ्या शाईत स्वरलिपी, कुठे कुठे पेन्सिलीने खोडलेली जागा. नाटकाचा एकच प्रयोग झाला, मग मंडळच पांगलं. कोणी मुंबईला गेलं, कोणी संसारात अडकलं. त्यानंतर काकांनी दुसऱ्या कुणाला चाल दिली नाही. काकूंनी वही माझ्या हातात ठेवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, वालाचं बिरडं वाढून घेत राहिले. मी विचारलं, यातलं एखादं वाजवाल? म्हणाले, “पदं गायची असतात. गाणारं कोण आहे आता?”

वही परत देताना मी तिसऱ्या पदाच्या पहिल्या ओळीचे स्वर मनात म्हणून पाहिले. मला स्वरलिपी बेताचीच वाचता येते. ओळ ओळखीची वाटली. कुठे ऐकली ते आठवेना. ती तशीच मनात घेऊन रात्री झोपलो.

माघी गणपतीत प्रयोग झाला. मांडवाच्या एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला ऑर्गन, मधे दहा पावलांचं अंतर. तबलजी आणि काका रात्रभर एकमेकांच्या चेहऱ्यावर ताल वाचत होते. भामिनीने तान लांबवली, परत येताना पाहिलं, हनुवटी वर गेली होती. तिच्या पदाला वन्स मोअर आला. ला स्कालात तोस्कानिनीने वन्स मोअरच्या प्रथेशी भांडण मांडलं होतं. आमच्या मांडवात काकांचे पाय पुन्हा सुरूही झाले होते. दुसऱ्या वेळी तिने वेगळी जागा घेतली आणि पेटी तिथे अगोदरच पोचली होती.

मग प्रवेश बदलायला पडदा पडला. आत बाकं ओढल्याचे आवाज. प्रेक्षकांत बोलणं सुरू झालं, कुणी मुलाला लघवीला घेऊन उठलं, चहावाला फिरू लागला. ही मधली जागा रिकामी पडू नये म्हणून ऑर्गनवर काहीतरी वाजत राहतं. तालमीत दर शनिवारी ते वाजायचं. कसलं हे, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, “काही नाही, आपलं असंच.”

आता मी ऐकलं. ती तिसऱ्या पदाची पहिली ओळ होती. मग दुसरी. अंतरा आला. शब्द नव्हते, गाणारं कुणी नव्हतं. मांडवभर गप्पांचा कलकलाट, आणि त्याखालून ते पद हळू, सबंध चाललं होतं. मी उठून ऑर्गनच्या कडेला गेलो. डांबरगोळ्यांचा वास होता. काकांनी मला पाहिलं, हात थांबले नाहीत. ध्रुवपदाकडे परत येताना, समेच्या अगोदर अर्धी मात्रा, त्यांची हनुवटी वर गेली. समोर कुणीही नव्हतं. मीच श्वास घेतला.