सुताराला शेवटी बोलवा : घरच्या आर्केडचे हरवलेले मिलिसेकंद

नव्वदच्या दशकात अमरावतीत किंवा अकोल्यात शाळेत गेला असाल, तर 'मुस्तफा' म्हटल्यावर तुम्हाला माणूस नाही, गेम आठवतो. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडच्या पोरांनी अख्ख्या गेमलाच ते देऊन टाकलं. एक जॉयस्टिक, दोन बटनं: एक मारायचं, एक उडीचं. बस.

ती पोरं आता चाळिशीत आहेत, आणि त्यातल्या काहींना घरी तसंच उभं मशीन बनवायचं असतं. प्लायवूडचा खोका, टीव्ही, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि 'मेम' हा मोफत प्रोग्राम. जुन्या आर्केड मशीनची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर करण्याचं काम मेम १९९७ पासून करतोय. (मेम मोफत असला तरी गेमची फाईल, म्हणजे रॉम, कंपनीच्या मालकीची असते, हे ध्यानात असू द्या.) मशीन उभं राहतं, दिसतंही झकास. पण खेळायला घेतलं की डायनोसॉर धडक देऊन जातो आणि तोंडून निघतं, "बटन तं दाबलं होतं ना भाऊ!" चार दिवसांनी माणूस म्हणतो, आता वय झालं, हात चालत नाही. मशीनवर चादर पडते.

या लेखात सांगायचं ते एवढंच: बटन खरंच वेळेवर दाबलेलं असू शकतं. दोष हाताचा की मशीनचा, हे घरबसल्या मोजता येतं.

वयाने किती फरक पडतो?

अमेरिकेत बाल्टिमोरला वाढत्या वयाचा एक दीर्घ अभ्यास अनेक दशकं चालू आहे. त्यातला प्रतिक्रियेच्या वेळेवरचा एक शोधनिबंध १९९४ साली आला. आवाज ऐकला की बटन दाबायचं, एवढंच काम असेल तर विशीनंतर दर वर्षी साधारण ०.५ मिलिसेकंद उशीर वाढतो. ठरावीक आवाजालाच दाबायचं, दुसऱ्याला नाही, असा निर्णय घ्यायचा असेल तर वर्षाला साधारण १.६ मिलिसेकंद. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.)

आता हिशोब करा. विशीपासून पंचेचाळिशीपर्यंत २५ वर्षं. साध्या कामात १२-१३ मिलिसेकंद, निर्णयाच्या कामात ४०. आणि दिवाणखान्यातला एलसीडी टीव्ही नेहमीच्या सेटिंगवर चित्र सुधारत बसतो, त्यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे पंचवीस वर्षांच्या वयापेक्षा टीव्ही जास्त उशीर करू शकतो.

एवढ्याशा उशिराने काय बिघडतं?

'मुस्तफा' आला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, मॅकेन्झी आणि वेअर या कॅनडातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना माऊसने पडद्यावरचं लक्ष्य गाठायला सांगितलं आणि माऊस हलवणं व पडद्यावर बाण हलणं यांत मुद्दाम उशीर घातला. ७५ मिलिसेकंदांवरच घसरण दिसू लागली. २२५ मिलिसेकंदांवर लक्ष्य गाठायला ६४ टक्के जास्त वेळ लागला आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे चुका तिपटीपेक्षा जास्त!

हा माऊसचा प्रयोग आहे, जॉयस्टिकचा नाही, त्यामुळे तेच आकडे जसेच्या तसे गेमला लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे. माणूस उशीर "उशीर" म्हणून ओळखतोच असं नाही. त्याला फक्त आपण चुकतोय असं वाटतं.

वेळ जातो कुठे?

बोटापासून पडद्यापर्यंतचा रस्ता बघा. बटनाखाली मायक्रोस्विच असतो. त्याची तार एका छोट्या यूएसबी बोर्डात जाते. कॉम्प्युटर त्या बोर्डाला ठरावीक वेळाने विचारतो, "काही दाबलं का?" दर ८ मिलिसेकंदांनी विचारत असेल तर सरासरी ४ गेले. दर १ मिलिसेकंदाने विचारणारा बोर्ड घेतला तर अर्धाच.

पुढे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. बटन बहुधा चित्रामागे एकदाच वाचलं जातं. शिवाय अनेक जुने गेम मूळ मशीनवरही बटन वाचल्यावर एक-दोन चित्रं उशिरानेच हालचाल दाखवत. पण पार्लरच्या मशीनमध्ये जुना काचेच्या नळीचा पडदा होता. तो आलेला सिग्नल त्याच क्षणी रंगवायचा, साठवून ठेवायचा नाही. घरचा एलसीडी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो. सगळ्यात मोठी गळती बहुतेक वेळा इथेच असते.

मोजायचं कसं?

मोबाईलमध्ये २४० फ्रेमचं स्लो-मोशन असेल तर प्रयोगशाळा तुमच्या खिशातच आहे. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाईल ठेवा आणि उडीचं बटन दाबा. बटन तळाला टेकल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम आल्या तर १०० मिलिसेकंद.

एकदा मोजून थांबू नका. बटन कधी चित्राच्या सुरुवातीला दाबलं जातं, कधी शेवटी, त्यामुळे आकडा दर वेळी थोडा हलणारच. वीस वेळा मोजा, सरासरी काढा, आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठा आकडाही लिहून ठेवा. सरासरी मोठी असेल तर आधी टीव्हीवर संशय घ्या. आकडे फार विखुरलेले असतील तर कॉम्प्युटर दमतोय का, ते बघा.

सुधारायचं कसं?

पहिलं काम फुकटचं आहे: टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा आणि पुन्हा वीस वेळा मोजा. मग यूएसबी बोर्ड बघा. त्यानंतर 'रन-अहेड'. रेट्रोआर्क या प्रोग्राममध्ये ही सोय २०१८ मध्ये आली. कॉम्प्युटर गेमची स्थिती जपून ठेवतो, तुमचं बटन धरून एक-दोन चित्रं पुढे खेळून बघतो, ते पुढचं चित्र तुम्हाला दाखवतो आणि परत मागे येतो. गेमचा स्वतःचा जो उशीर होता तो अशाने गिळला जातो. पण त्याहून जास्त चित्रं पुढे गेलात तर हालचाली तुटक दिसतात, आणि प्रत्येक चित्रामागे कॉम्प्युटरचं कामही वाढतं.

इथे आपला वऱ्हाडी उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. बंद खोक्यात, त्यात रन-अहेड चालू, म्हणजे ती वेळ लवकर येते. मागच्या फळीला खाली हवा आत यायला जागा ठेवा आणि वर गरम हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. मोजणी जानेवारीत केली असेल तर मे महिन्यात भर दुपारी पुन्हा करा.

लाकडासाठी परतवाड्याचं सागवान लागत नाही. १८ मिमी प्लायवूड पुरे. एमडीएफ स्वस्त पडतं, पण घरात कूलर चालत असेल तर त्या ओलाव्याने त्याच्या कापलेल्या कडा फुगतात. लाईट गेल्यावर मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून कार्डावर काही लिहिलं जाणार नाही असं सेटिंग करून ठेवा.

आणि क्रम उलटा करा. आपण आधी खोका बनवतो, स्टिकर लावतो, मग गेम चालवतो. त्याऐवजी टीव्ही, पाय, जॉयस्टिक आणि दोन बटनं जेवणाच्या टेबलावर मांडा. बटनांसाठी पुठ्ठ्याच्या डब्याला भोकं पाडली तरी चालतं. वीस वेळा मोजा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आकड्यातून ४०-५० मिलिसेकंद कमी झाले, तर वयाने घेतलं तेवढं तुम्ही परत मिळवलं. मग सुताराला फोन करा.