उन्हाळी लागली म्हणून गप्प बसू नका

मैत्रिणींनो, बैठकीत बचतीचा हिशोब झाला, रजिस्टर मिटलं, की कोणीतरी हळूच म्हणते, "ताई, लघवीले आग होते वं." मग शेजारच्या दोघीही मान हलवतात.

आपण याला उन्हाळी लागणं म्हणतो. उन्हात पाणी कमी पडलं की लघवी पिवळी, घट्ट होते आणि जळजळते. भरपूर पाणी प्यायलं की थांबते. पण सारखं जावं लागतं, थेंब-थेंब होते, गढूळ दिसते, ओटीपोट दुखतं, तेव्हा तो बहुतेक जंतुसंसर्ग असतो. डॉक्टर त्याला 'यूटीआय' म्हणतात. शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या पिशवीत शिरतात. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे २०. त्यामुळे हा त्रास आपल्यालाच जास्त. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, सासूबाईंनाही हे सांगा.

खरी अडचण वेचणीत. मजुरी किलोवर, वावरात आडोसा नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि लघवी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवतात. लघवीसोबत जंतू वाहून जातात, साठवली तर आतच वाढतात. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी घशाखाली उतरत नाही. घरून गोड्या पाण्याची बाटली न्याच. दोन-तीन तासांनी दोघी मिळून जा, एकीने लुगड्याचा आडोसा धरायचा. शेतमालकाशी बोलायचं तर गटाने बोला, एकटीने नको. शौचानंतर पुढून मागे धुवा. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवी करून घ्या. लाज वाटते, पण उपयोगाचं आहे.

धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. जंतू मात्र त्याने मरत नाहीत. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून आग थांबली की बंद करणं तर फार वाईट, पुढे तेच औषध लागू पडत नाही. लघवी तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातही.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असू शकतो. लघवीत रक्त दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर ताईंनी त्रास नसला तरी लघवी तपासावी, कारण लपलेल्या संसर्गाने दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं. वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही बघा. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग आहे. एकटीला जायला नको वाटलं तर आशाताईंना सोबत घ्या.