घरची कार्यशाळा, भाग ६ : बाराचा पंखा, दोनशे तीसची भिंत

मागच्या भागात आपण जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडून कामाच्या वस्तू बाजूला काढल्या. त्यातला पंखा हातात आला की त्याचे उपयोग सुचायला वेळ लागत नाही. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात राउटर आणि सेट-टॉप बॉक्स तापत असतात, नाहीतर सोल्डरिंग करताना धूर थेट नाकात जात असतो. पंखा लावायचा हे ठरतं. त्याला वीज कुठून द्यायची यावर मात्र घरोघरी जे प्रयोग चालतात, ते ऐकूनच धडकी भरते.

पंखा स्वतः अगदी गरीब प्राणी आहे. त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर ‘डीसी १२ व्ही, ०.१८ ए’ असं काहीतरी छापलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की जेमतेम सव्वादोन वॅट होतात. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. १२ व्होल्टच्या दोन्ही तारा कोरड्या हातांनी धरल्या तरी काही कळतसुद्धा नाही. शॉकचा धोका आहे तो भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२ होतात त्या जागी, आणि फक्त तिथेच. म्हणून माझा हिशेब सरळ आहे : २३०चं काम विकत घ्यायचं, १२चं काम घरी करायचं.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मरशिवाय २३०चे १२ व्होल्ट’ असे व्हिडिओ. मोबाइलवर ते हमखास समोर येतात. त्यात एक चपटा कपॅसिटर असतो, अंगावर १०५ आणि ४०० व्ही लिहिलेला. पुढे चार डायोड, एक झेनर आणि एक गोल कपॅसिटर. खर्च चहा-बिस्किटाइतका, आणि दिवा खरोखर लागतो. आता आकडे बघू. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेला तो सुमारे ३,२०० ओहमचा विरोध करतो. म्हणजे त्यातून फार तर ७० मिलिअँपिअर मिळणार. आपल्या पंख्याला हवेत १८०. त्यामुळे पंखा एकतर फिरणारच नाही, नाहीतर रडतखडत फिरेल. झेनर जळून तुटला आणि पंखाही जोडलेला नसला, तर त्याच ‘१२ व्होल्ट’च्या टोकांवर ३००च्या वर व्होल्ट चढतात.

खरी भानगड याच्याही पुढची आहे. मल्टीमीटर लाल आणि काळ्या तारेत १२ दाखवतो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण त्या दोन्ही तारा भिंतीतल्या विजेला थेट जोडलेल्याच असतात, मध्ये तोडणारं काही नसतं. कपॅसिटर फेजच्या बाजूला आला तर तारा न्यूट्रलच्या जवळपास राहतात. दोन पिनांचा प्लग उलटा खोचला की त्याच तारा फेजवर जातात. मग पंख्याची काळी वायर आणि तुमच्या पायाखालची ओली फरशी यांच्यात २३० व्होल्ट असतात, आणि मल्टीमीटर अजूनही शांतपणे १२च दाखवत असतो. स्वस्तातल्या एलईडी बल्बांमध्ये अशीच जोडणी सापडते हे खरं, पण तिथे ती प्लॅस्टिकच्या आत बंद असते आणि कुणी बोट लावत नाही. पंख्याला आपण हात लावतो, पुसतो, पोरं त्याच्याशी खेळतात.

चांगल्या अडॅप्टरमध्ये या दोन दुनिया वेगळ्या ठेवलेल्या असतात. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची २३०कडची गुंडाळी आणि १२कडची गुंडाळी यांच्यात तांब्याचा संबंध नसतो, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. कधी बंद पडलेला अडॅप्टर फोडून बघितलात (प्लगमधून काढून थोडा वेळ गेल्यावरच, कारण आतला मोठा कपॅसिटर चार्ज धरून बसतो), तर पट्टीवर मधोमध काही मिलिमीटरचा मोकळा पट्टा दिसेल. पुष्कळदा तिथे आरपार खाचही कापलेली असते. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला १२. आपण पैसे मोजतो ते या मोकळ्या जागेचे.

नवा अडॅप्टर घ्यायचा तर सीसीटीव्हीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात १२ व्होल्टचा मागावा. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीपर्यंत जायची गरज नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. मागे बीआयएसची खूण, आयएस क्रमांक आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा ते दुकानातच बघता येतं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. आउटपुटपुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी, आणि तो आपल्या कामाचा नाही.

घरात पडलेला जुना अडॅप्टर वापरायलाही हरकत नाही, फक्त आधी मोजा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. १२च्या आसपास आकडा आला तर ठीक. आधी उणे चिन्ह आलं तर आतबाहेरचे ध्रुव उलटे आहेत. अडॅप्टर हाताला दगडासारखा जड लागला आणि आकडा १६-१७ आला, तर तो जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला आहे. त्याचे १२ व्होल्ट पूर्ण लोडवर खरे. आपल्या सव्वादोन वॅटच्या पंख्याला तो कायम जास्तच देत राहील.

‘दोन अँपिअरचा अडॅप्टर लावला तर पंखा जळेल ना?’ हा प्रश्न हटकून येतो. नाही जळत. व्होल्ट अडॅप्टर ठरवतो, अँपिअर पंखा ठरवतो. त्याला ०.१८ हवेत, तो तेवढेच घेणार. फिरायला लागताना क्षणभर जास्त ओढतो, म्हणून अडॅप्टरवरचा आकडा स्टिकरच्या दुप्पट-तिप्पट असलेला बरा. पण या उत्तराला दुसरी बाजू आहे आणि ती कुणी सांगत नाही. वायर शॉर्ट झाली, की पुरवठा जितका दांडगा तितका जाळ मोठा. अर्धा-एक अँपिअरचा चांगला अडॅप्टर शॉर्ट होताच हात आखडता घेतो. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची हिरवी वायर काळीला जोडून तो चालू करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण त्याची १२ व्होल्टची लाइन दहा-पंधरा अँपिअर सहज देते. तेवढ्याला तो शॉर्ट समजतच नाही आणि पंख्याची केसासारखी वायर लाल होते. सव्वादोन वॅटसाठी ते धूड नकोच. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी लावणार असाल तरी हेच. तिच्या अधिक टोकाच्या अगदी लगत अर्ध्या अँपिअरचा काचेचा फ्यूज घातल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वायरी. इथे रंगांवर विसंबलात की फसलात. तीन वायरींच्या पंख्यात बहुधा काळी, लाल, पिवळी असते, आणि पिवळी वेग सांगणारी असते. चार वायरींच्या पंख्यात काळी, पिवळी, हिरवी, निळी असते, आणि तिथे पिवळीच १२ व्होल्टची निघते. काही कंपन्या तर चारही वायरी काळ्या देतात. म्हणून जागा बघायची. कनेक्टरच्या एका अंगाला दोन उभ्या कडा असतात. त्या पहिल्या तीन पिनांच्या बाजूला असतात, चौथी त्यांच्या बाहेर पडते. पहिली पिन उणे, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी वेगाची खबर देणारी, चौथी वेग नियंत्रणाची. आपल्याला पहिल्या दोनच हव्यात. तिसरी-चौथीची टोकं वेगवेगळी टेप करून मोकळी सोडा. चौथी मोकळी राहिली की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. तिला १२ व्होल्ट मात्र चुकूनही लावू नका, ती ५ व्होल्टच्या हिशेबाने केलेली असते.

जोडणीसाठी अडॅप्टरची वायर कापायची गरज नाही. स्क्रूवाला डीसी जॅक त्याच सीसीटीव्हीच्या दुकानात मिळतो, त्यावर अधिक-उणे खुणा असतात. पंख्याच्या त्या दोन वायरींची टोकं पीळ देऊन त्यात कसली की झालं. अडॅप्टर कप्प्याबाहेर ठेवा, तोही तापतो. पंखा वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा, आणि खाली हवा आत यायला फट हवी. पात्यांवर जाळी लावा. मोठ्यांचं बोट अडकलं तर नुसतं खट्ट होतं, लहान मुलांचं सोलवटतं.

राउटरच्याच अडॅप्टरवर पंखा चढवायचा मोह होतो. राउटर आणि पंखा दोघांच्या स्टिकरवरच्या अँपिअरची बेरीज अडॅप्टरच्या आकड्याच्या आत बसली तरच चढवा. राउटर ९ व्होल्टचा असेल तर पंखा हळू फिरेल, पण आवाज जवळजवळ गायब होईल. कप्प्यातल्या राउटरला तेवढी हवा पुरते. मला विचाराल तर बैठकीच्या खोलीत हाच पर्याय १२पेक्षा सरस.

पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा तास तिथेच बसा. जॅक आणि प्रत्येक जोड बोटाने चाचपा. अडॅप्टर कोमट झाला तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच काढा. पंखा थरथरून थांबत असेल तर व्होल्ट कमी पडताहेत किंवा बेअरिंगचं तेल वाळलंय. अडकलेला पंखा तसाच चालू ठेवू नका.

वेग कमी-जास्त करायला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या आधी लावता येईल का, असं दोघा-तिघा वाचकांनी विचारलंय. नाही, मुळीच नाही. मग कसा करायचा ते पुढच्या भागात, तेव्हा आज मोकळी सोडलेली चौथी वायर कामाला येईल. ती कापून टाकू नका.