बोर्डनच्या वाळूतील रसायनांचा माग
कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, बोर्डन येथील लष्करी तळाखालच्या वालुकामय जलधरात, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या भूस्तरात, वॉटर्लू व स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १२ घनमीटर द्रावण मुद्दाम सोडले आणि सुमारे ५,००० नमुनाबिंदूंवरून त्याचा माग घेतला. द्रावणातील क्लोराइड व ब्रोमाइड वाळूला चिकटत नसल्याने ते भूजलाच्याच गतीने, दिवसाला सुमारे ९ सेंटिमीटर, पुढे सरकले. शिवाय कणांमधल्या वाटा कमी-अधिक वेगाच्या असल्याने त्यांचा ढग प्रवाहाच्या दिशेने लांबत गेला, आडवा मात्र फारच थोडा पसरला, आणि अशा पसरण्यालाच विखुरण म्हणतात. कार्बन टेट्राक्लोराइडसारखी पाच सेंद्रिय संयुगे मात्र अधिशोषणामुळे, म्हणजे कणांना चिकटत-सुटत गेल्यामुळे, मागे पडली. अधिक महत्त्वाचे (आणि प्रदूषित जलधर शुद्ध करू पाहणाऱ्यांसाठी चिंतेचे) हे, की त्यांचे मागे पडणे स्थिर न राहता काळाबरोबर वाढत गेले. त्यामुळे प्रयोगशाळेतील अल्पकालीन चाचणीच्या एकाच आकड्यावरून प्रदूषक विहिरीपर्यंत केव्हा पोहोचेल किंवा जलधर केव्हा स्वच्छ होईल, हे ठरवणे अपुरे आहे.